‘आता बरंय ना?’ आणि अर्धवट चालणारं औषध

क्रोन्स डिसीज असलेल्या माणसाला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "आता बरंय ना?" मावशी विचारते, मॅनेजर विचारतो, सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टमध्ये विचारतात. त्यातल्या ‘ना’वर असा काही जोर असतो, की उत्तर काय द्यायचं ते प्रश्नातच सांगून टाकलेलं असतं. मग आपणही "हो हो, ठीक आहे" म्हणतो आणि विषय संपतो.

आज मला लिहायचंय ते या ‘ठीक आहे’बद्दल. माझ्या मते या आजारातली सगळ्यात घातक अवस्था म्हणजे खूप आजारी असणं नव्हे. खूप आजारी पडलं की सगळेच धावतात. ॲडमिट करतात, सलाईन लागतं, ऑफिसातले लोक फुलं घेऊन येतात. खरा धोका अर्धवट बरं असण्यात आहे. म्हणजे औषध चालू आहे, काम करतंय, पण नीट नाही करत. आठवड्यातले चार दिवस चांगले, तीन वाईट. वजन कमी होत नाहीये, पण वाढतही नाहीये. ऑफिसला जाता येतं, फक्त मीटिंगमध्ये खुर्ची दाराजवळची लागते. ही अवस्था सगळ्यांनाच सोयीची असते. डॉक्टरांना समोरचा पेशंट चालत आलेला दिसतो, घरच्यांना पोरगा जेवताना दिसतो, कंपनीला कोड चेक-इन होताना दिसतो. आणि पेशंट स्वतः तर इतका दमलेला असतो की पुन्हा नवीन तपासण्या, नवीन औषध हे सगळं त्याला नकोच असतं. मग असेच महिने जातात, वर्षं जातात.

ज्यांना हा आजार माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमधल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर या तीन डॉक्टरांनी १९३२ साली याच्यावर पेपर लिहिला आणि आडनावांच्या वर्णानुक्रमाने क्रोनसाहेबांचं नाव आजाराला चिकटलं. आपलीच प्रतिकारशक्ती आतड्यावर उलटते. तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, पण आवडती जागा म्हणजे लहान आतड्याचं शेवटचं टोक, जिथे ते मोठ्या आतड्याला मिळतं. माझाही तिथेच आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा याचा चुलतभाऊ. त्यात सूज मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरापुरती राहते. क्रोन्समध्ये मात्र ती आतड्याच्या भिंतीत आरपार जाऊ शकते. हा ‘आरपार’ शब्द लक्षात ठेवा, कारण सगळी भानगड तिथेच आहे.

जखम झाली की ती भरते आणि भरताना व्रण राहतो. गुडघ्यावर राहिला तर काही बिघडत नाही. पण आतड्याच्या भिंतीत पुन्हा पुन्हा सूज येऊन पुन्हा पुन्हा व्रण पडत गेले, की ती नळी आतून अरुंद होत जाते. किंवा सूज भिंत पोखरून बाहेर पडते आणि शेजारच्या आतड्यात, मूत्राशयात, कातडीत भोक पाडते. त्याला फिश्चुला म्हणतात. यातली सूज औषधाने उतरते. व्रणामुळे कडक झालेली नळी सध्याच्या कुठल्याही गोळीने मऊ होत नाही. म्हणजे अर्धवट बरं असलेल्या प्रत्येक महिन्यात थोडं थोडं कायमचं नुकसान जमा होत राहू शकतं, आणि ते तेव्हा कळतही नाही.

कळत का नाही? कारण पोटाला काय वाटतंय आणि आतड्यात काय चाललंय या दोन गोष्टी क्रोन्समध्ये जुळतीलच असं नाही. काहींचं पोट रोज दुखतं आणि कोलोनोस्कोपीत आतडं स्वच्छ निघतं. काहींना काहीच होत नसतं आणि आत अल्सर असतात. आपल्या धंद्यातलं उदाहरण घ्या. युजरची तक्रार आली नाही म्हणजे सर्व्हर ठणठणीत आहे, असं कोणी म्हणतं का? डिस्क भरत आलेली असते, मेमरी गळत असते, आणि साइट मस्त चालू असते. शुक्रवारी रात्री अकरा वाजेपर्यंत. :) म्हणून तर आपण मॉनिटरिंग लावतो. पोटाच्या बाबतीत मात्र सगळा कारभार युजरच्या तक्रारीवर चालतो.

खरं तर मॉनिटरिंगची सोय इथेही आहे. रक्तातलं सीआरपी हे सगळ्यांना माहीत असलेलं. त्यापेक्षा उपयोगी म्हणजे फीकल कॅलप्रोटेक्टिन. संडासच्या सॅम्पलमधून एक प्रोटीन मोजतात. पांढऱ्या पेशी आतड्यात गोळा झाल्या की ते वाढतं. नळी नाही, भूल नाही, फक्त एक डबी लॅबमध्ये नेऊन द्यायची आणि रिसेप्शनवरच्या मुलीच्या नजरेला नजर द्यायची नाही. शिवाय कोलोनोस्कोपी आणि लहान आतड्याचा एमआरआय आहेच.

नुसत्या तक्रारीवर जाण्याऐवजी आकडे बघून औषध बदललं तर फरक पडतो का? पडतो. २०१७ साली लॅन्सेटमध्ये काम या नावाची एक ट्रायल आली. पेशंटचे दोन गट, दोन्हींना औषधं तीच. एका गटात फक्त लक्षणं आणि स्टेरॉइडची गरज बघून औषध वाढवायचं, दुसऱ्यात त्याच्या जोडीला सीआरपी आणि कॅलप्रोटेक्टिनही बघायचं. ४८ आठवड्यांनी कोलोनोस्कोपी केली तेव्हा आतडं भरून आलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ३० टक्के आणि दुसऱ्यात ४६ टक्के. नवीन औषध नाही, चमत्कार नाही, फक्त मोजमाप. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या प्रोफाइल ट्रायलचे निकाल आले ते तर आणखी बोलके. नुकतंच निदान झालेल्या पेशंटना सुरुवातीपासूनच जोरदार औषधं दिली, तेव्हा वर्षाच्या शेवटी स्टेरॉइडशिवाय आणि ऑपरेशनशिवाय टिकून बरे राहिलेले निघाले ७९ टक्के. नेहमीच्या ‘आधी साधं बघू, मग वाढवू’ पद्धतीत १५ टक्के. म्हणजे ‘बघू, थांबू’ यालाही किंमत असते, फक्त तिचं बिल नंतर येतं.

आता स्टेरॉइडबद्दल. ही गोळी म्हणजे जादू. घेतली की चार-पाच दिवसांत पोट शांत, भूक लागते, झोप मात्र उडते, रात्री दोन वाजता कपाट आवरावंसं वाटतं. पण ती आग दाबते, विझवून ठेवत नाही. तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि डोस खाली आणला की बऱ्याच जणांना पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. माझ्या पहिल्या डॉक्टरांनी मला एका वर्षात तीनदा स्टेरॉइडचा कोर्स दिला. दर वेळी मी बरा झालो आणि दर वेळी सगळे खूश. प्रॉडक्शनचा सर्व्हर लटकला की रीस्टार्ट मारायचा आणि तिकीट बंद करायचं, तसलाच प्रकार. वर्षात दुसऱ्यांदा स्टेरॉइड लागलं, की मूळ औषध पुरेसं पडत नाहीये असं धरून चालायचं, हा साधा हिशोब आहे. तो पेशंटलाही माहीत असायला हवा.

आपल्याकडे यात आणखी एक पेच आहे, तो अमेरिकन पुस्तकांत सापडत नाही. तो म्हणजे टीबी. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दिसायला इतके सारखे की बायोप्सी करूनही पुष्कळदा खात्री होत नाही. म्हणून भारतात कित्येक क्रोन्सवाल्यांची सुरुवात टीबीच्या औषधांनी होते. माझीही झाली. यात चूक कोणाची नाही, कारण उलटी चूक जास्त महाग आहे. टीबी असताना क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं तर पेशंट जीवाला मुकू शकतो. पण टीबीची औषधं चालू केल्यावर आतडं भरून येतंय का हे दोन-तीन महिन्यांत पुन्हा स्कोपी करून बघता येतं. ‘जरा बरं वाटतंय’ एवढ्यावर कोर्स पूर्ण होईपर्यंत थांबलं, तर तेवढे महिने क्रोन्सला मोकळं रान मिळतं. फिरून मुद्दा तोच. बरं वाटणं आणि बरं होणं यात फरक आहे.

बरं, औषध नीट चालत नाहीये हे कळलं. पुढे काय? इथे दोन टोकं दिसतात. एक म्हणजे ‘हे औषध बेकार, दुसरं द्या’. दुसरं म्हणजे ‘ॲलोपथीत याला उपायच नाही’, मग बेलाचा मुरंबा, कुड्याची साल आणि कोणाच्या तरी साडूला गुण आलेले साताऱ्याकडचे वैद्य. माझं म्हणणं, आधी डिबग तरी करा. ‘औषध चालत नाही’ हा एक बग नाहीये, त्या नावाखाली पाच-सहा वेगवेगळे बग आहेत.

पहिला, मुळात आत सूज आहे का? शेवटच्या टोकाला इजा झाली किंवा ते कापून काढलेलं असलं की पित्ताचे क्षार नीट शोषले जात नाहीत, ते मोठ्या आतड्यात उतरतात आणि जुलाब होतात. त्याला वेगळं आणि स्वस्त औषध आहे. तिथे प्रतिकारशक्तीचं औषध वाढवून काहीच होणार नाही. दुसरा, वरून काही इन्फेक्शन झालंय का? तिसरा, नळी अरुंद झालीय का? व्रणाने झाली असेल तर सूज उतरवणारी औषधं तिथे हात टेकणार. चौथा, औषध शरीरात पुरेसं टिकतंय का? ॲडालिमुमॅब, इन्फ्लिक्सिमॅब ही बायोलॉजिक औषधं म्हणजे प्रोटीन. शरीर त्यांनाच परकं समजून त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करू शकतं. रक्तातली औषधाची पातळी आणि या अँटीबॉडी दोन्ही मोजता येतात. पातळी कमी आणि अँटीबॉडी नाहीत, तर डोस वाढवून भागतं. अँटीबॉडी भरपूर असतील तर डोस वाढवणं म्हणजे नळाखाली फुटकी बादली. आणि पातळी उत्तम असूनही सूज तशीच असेल, तर तुमचा आजार त्या वाटेने चालतच नाही, वेगळ्या पद्धतीने काम करणारं औषध शोधायला हवं. पाचवा अगदी साधा, म्हणजे डोस वेळेवर जातायत का, फ्रीजमधलं इंजेक्शन लोडशेडिंगमध्ये गरम तर झालं नाही ना, सिगारेट चालू आहे का. सिगारेटने क्रोन्स बळावतो हे वादातीत आहे.

यात पेशंटची इच्छाशक्ती, पॉझिटिव्ह थिंकिंग वगैरे कुठे येतं? कुठेच नाही. इंग्रजीत डॉक्टर मंडळी लिहितात की ‘पेशंट अमुक औषधावर फेल गेला’. अरे, फेल औषध गेलं! ब्रिटनमधल्या पँट्स नावाच्या मोठ्या अभ्यासात (२०१९) या टीएनएफ गटातली औषधं सुरू केलेल्या पेशंटपैकी सुमारे २४ टक्क्यांना १४ आठवड्यांपर्यंत मुळात गुणच आला नाही, आणि वर्षाअखेरीस ६३ टक्के लोक आजार शांत झालेल्यांच्या यादीत नव्हते. अँटीबॉडी होण्याची शक्यता वाढवणारं एक जनुकही त्यांना सापडलं. म्हणजे औषध न लागणं हे अपवादात्मक नाही आणि त्यात तुमचा काही दोष असतो असंही नाही. आपण मात्र "टेन्शन घेतोस म्हणून होतं", "बाहेरचं खाणं बंद कर बघू" असं म्हणून ते पेशंटच्या माथी मारतो. जेवणाचा संबंध नाही असं नाही. नळी अरुंद असेल तर सालीची कडधान्यं, कच्च्या भाज्या खरंच त्रास देतात. पण मऊ भात आणि ताकावर राहून अल्सर भरत नाहीत.

पैशाबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आपल्याकडे या बाबतीत एक चांगली गोष्ट घडली. ॲडालिमुमॅबची नक्कल, म्हणजे ज्याला बायोसिमिलर म्हणतात, ते जगात सर्वप्रथम बाजारात आलं ते भारतात, झायडसने २०१४ च्या डिसेंबरमध्ये आणलं. तरीही महिन्याचा खर्च मध्यमवर्गीयाला घाम फोडणारा आहे. आणि इन्शुरन्सची गंमत बघा. माझ्या कंपनीच्या पॉलिसीत हॉस्पिटलात जाऊन सलाईनमधून घेतलेलं औषध डे-केअर म्हणून मंजूर होतं, पण घरी फ्रीजमध्ये ठेवून स्वतः टोचून घ्यायचं इंजेक्शन ओपीडी म्हणून नामंजूर. म्हणजे कुठलं औषध घ्यायचं हे थोडंफार पॉलिसीचा पीडीएफ ठरवतो. औषध बदलायचा विषय निघाला की घरात जी शांतता पसरते तिचं हेही कारण असतं. ‘ठीक आहे’ म्हणणं स्वस्त पडतं हो!

ऑफिसचंही तेच. २०१६ च्या अपंगत्वाच्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात हा आजार नाही. त्यामुळे सगळं मॅनेजरच्या चांगुलपणावर. माझा मॅनेजर चांगला आहे, पण पुढचा कसा असेल कोणास ठाऊक. लोकांना दिसतं ते बाथरूमला जाणं. दिसत नाही तो थकवा. लोह शोषलं जात नाही, रक्त जातं, बी-१२ ज्या टोकाला शोषलं जातं तेच आजारी. त्यामुळे दुपारी तीन वाजता मी स्क्रीनकडे बघत असतो आणि समोरचं फंक्शन तीनदा वाचून डोक्यात शिरत नाही. मुंबईतली चांगली नोकरी आली होती, ती नाकारली. पगार उत्तम होता, पण लोकलच्या डब्यात संडास नसतो. रेझ्युमेवर असल्या गोष्टी लिहिता येत नाहीत.

आणि ऑपरेशन. आपल्याकडे ‘कापाकापी’ म्हणजे हरलो, शेवटचा उपाय. नेदरलँड्समध्ये २०१७ साली याची सरळ तुलना झाली. आजार लहान आतड्याच्या शेवटच्या थोड्या भागापुरताच आहे आणि साध्या औषधांनी भागत नाही, अशा पेशंटपैकी अर्ध्यांना इन्फ्लिक्सिमॅब, अर्ध्यांचं दुर्बिणीने ऑपरेशन. वर्षभराने दोघांचं जगणं जवळपास सारखंच होतं. ऑपरेशनने क्रोन्स कायमचा जात नाही, जोडलेल्या जागी परत येऊ शकतो, हे खरं. पण योग्य पेशंटच्या बाबतीत ती हार नाही, तो दुसरा एक उपचार आहे, आणि तो वेळेवर विचारात घ्यायला हवा. आतडं बंद पडून रात्री तीन वाजता इमर्जन्सीत जाण्यापेक्षा केव्हाही बरा.

माझं स्वतःचं काय? ॲझाथायोप्रिनने भागलं नाही. ॲडालिमुमॅब चौदा महिने छान चाललं, मग अँटीबॉडी झाल्या. सध्या व्हेडोलिझुमॅब चालू आहे, जे पांढऱ्या पेशींना आतड्यात शिरू देत नाही. कॅलप्रोटेक्टिन ११०० वरून ४२० वर आलं आणि तीन महिने तिथेच अडकलंय. डॉक्टरांना ते निदान २५० च्या खाली हवंय. वाटायला मला बरं वाटतं. मागच्या आठवड्यात मित्राच्या लग्नात जेवलो, पचलं. म्हणूनच जास्त अवघड जातंय. पुढच्या महिन्यात स्कोपी आहे. अल्सर तसेच असतील तर सर्जनकडे जायचं, असं डॉक्टर, मी आणि बायको असं तिघांनी बसून आत्ताच ठरवून टाकलंय. रिपोर्ट हातात आल्यावर ठरवायला बसलो तर आम्ही तिघंही पुन्हा ‘अजून तीन महिने बघू’ म्हणणार. तिला काळजी, मला कंटाळा, डॉक्टरांच्या बाहेर रांग.

तुम्हाला किंवा तुमच्या कोणाला हा आजार असेल आणि औषध धड चालत नसेल, तर पुढच्या व्हिजिटला एवढं कागदावर लिहून न्या. हे औषध कशासाठी आहे, म्हणजे नक्की कुठला आकडा कुठे यायला हवा? किती महिन्यांत? नाही आला तर पुढचं पाऊल काय? आत्ताचा त्रास सुजेचा आहे हे कशावरून? माझ्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग आला नाही, उलट त्यांनी खुर्ची पुढे ओढली. ज्यांना राग येतो त्यांच्याबद्दल काय करायचं ते तुम्ही सुज्ञ आहात.

आणि तुम्ही पेशंट नसाल, मित्र किंवा सहकारी असाल, तर एक विनंती. "बरंय ना?" ऐवजी "या वेळच्या रिपोर्टात काय आलं?" असं विचारून बघा. उत्तर थोडं लांबेल, त्यात संडासचा उल्लेख येईल, ऐकून घ्यावं लागेल. पण खरं उत्तर मिळेल.

असो. स्कोपीच्या आदल्या रात्री प्यायच्या त्या दोन लिटर खारट पाण्याबद्दल पुन्हा कधीतरी. तो एका स्वतंत्र शनिवारचा विषय आहे.